परिचयात भीती लिहायची काय

बाबा, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद कुठे मागावी कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. ज्या वेबसाइटवर मला माझा परिचय टाकायचा आहे, ती फोटो गोल कापते. त्या गोलात माझा डावा कान बसत नाही. तोंड सरकवलं की उजवा जातो. माझा धंदा ऐकण्याचा. लोक तासभर मन मोकळं करतात, मी ऐकते आणि त्याचीच फी घेते. वकिलाचा फोटो कोणी जीभ कापून लावला असता काय? तुम्ही गेलात तेव्हा घरात तारेचा फोन होता, म्हणून सांगते: आता मानसोपचारवालीलाही इंटरनेटवर पाटी लावावी लागते. फोटो, शिक्षण, अनुभव आणि खाली 'माझ्याविषयी' असा एक रिकामा चौकोन. बाकी सगळं चहा निवायच्या आत भरून झालं. त्या चौकोनापाशी मात्र आठवडा गेला.

लिहिलं होतं खरं तर. 'भीती आणि चिंता या विषयांत विशेष काम. निर्भय जगण्याच्या वाटेवर तुमच्यासोबत.' साबणाच्या जाहिरातीसारखं गुळगुळीत. पण 'निर्भय'शी अडखळले, कारण तो शब्द मी तुमच्या शोकसभेत ऐकला होता. जंगल खात्याचे साहेब उभे राहून म्हणाले, असा निर्भय नाकेदार, असा वनरक्षक नागझिऱ्याच्या जंगलानं पाहिला नाही; खांद्यावर अस्वलाचे पंजे घेऊनही माणूस पुन्हा गस्तीवर गेला. सगळ्यांच्या माना हलल्या. तुमचा परिचय तुमच्यामागे दुसऱ्यांनी लिहिला आणि तो साफ चुकीचा होता, हे त्या मांडवात फक्त आईला आणि मला ठाऊक होतं.

तुम्हाला आठवत असेल: कॉलेजच्या सुटीत मी तुमच्या क्वार्टरवर आले आहे. तुमच्या सायकलवर मागे बसून गेटपर्यंत चालले आहे. नाल्याच्या वळणाआधी तुम्ही उतरता, घंटी वाजवता, मोठ्यानं खाकरता, परत खाकरता आणि मग सायकल हातात धरून वळण घेता. पुढच्या वळणालाही तेच. बाजूनं पर्यटकांची जीप जाते आणि आतली पोरं तुमची नक्कल करत खाकरतात. माझे कान तापतात.

"बाबा, कायले इतकं खाकरता? लोकं हासून राहिले."

"हासू दे. मले भेव लागते."

"नाकेदार असून?"

"नाकेदार आहो म्हणून त लागते. किराण्याच्या दुकानात बसलो असतो त कायचं भेव?" मग सायकल थांबवून म्हणालात, "एकाएकी समोर आलो की अस्वलच भेते, अन् भेलं की फाडते. आवाज केला त दोघंही वाचते."

मी विचारलं, हे भेव जात नाही काय. "कुठं जाऊन राहिलं? रोज संगच येते. माह्या डब्यातलं खाते."

तुमच्यानंतर दुसऱ्याच वर्षी ते माझ्याकडे जेवायला आलं. भाजीबाजारात उभी होते, हातात पिशवी, आणि एकदम वाटलं की इथेच, या वांग्यांच्या ढिगाऱ्यापाशी आपण मरणार. डॉक्टर म्हणाले, गॅस. गोंदियात छातीतलं सगळं आधी गॅसच असतं. पुढे नागपूरला खरं निदान झालं, गोळी सुरू झाली, बरंच कमी झालं. पण गेलेलं नाही. गेल्या महिन्यात तर समोर पेशंट बोलत असतानाच आलं. बोटं बधिर, तोंड कोरडं, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून 'हं, पुढे?' म्हणत राहिले. तेव्हापासून रोज खोली उघडताना कुलपात चावी नीट जात नाही. लोकांना दिसलं तर? आणि ते दिसायच्या आधी मीच लिहून टाकलं तर?

तुमचा धाकटा पोरगा कुडव्याला राहतो, ही वेबसाइट त्यानंच बनवून दिली. त्याला विचारलं.

"ताई, हलवाई पाटीवर 'मले शुगर आहे' असं लिवते काय? लोकं म्हणतील, ये खुद डरती है, हमको क्या ठीक करेगी. मंग खोलीचं भाडं कोण भरन? घर कशावर चालन?"

चुकीचं काहीच बोलला नाही तो. घर याच खोलीवर चालतं.

दवनीवाड्याहून एक शिक्षिका माझ्याकडे येते. कोणी पाहू नये म्हणून स्कूटी दोन गल्ल्या अलीकडे लावते. मागच्या खेपेला तिनं विचारलं, "मॅडम, तुमाले झालं काय हो असं कधी?" मी आमचं ठरलेलं उत्तर दिलं: हे जाणून घेणं तुम्हाला का महत्त्वाचं वाटतं? पुस्तकात या उत्तराला चांगले मार्क आहेत. तिनं पर्स जवळ ओढली आणि नंतर तासभर माझ्याकडे पाहिलंच नाही. बिचारी आधीच भ्यालेली, आणि वळणावर मी आवाज न करता उभी.

आज सकाळी चौकोन पुसला आणि लिहिलं, 'मला स्वतःला भीतीचे झटके येतात. उपचार चालू आहेत. हे काम मी ती भीती सोबत घेऊनच करते.' बटण दाबलं, आणि लागलं की नाही कळेना म्हणून परत दाबलं. त्यानंतर फोन वाजला की आधी नाव बघते, मग उचलते. भावाचा आला. "टाकलं? बरं. आता पाह्यत राय." पुढच्या आठवड्यात कोण येईल, कोण येणार नाही, मला माहीत नाही.

दुपारी ती शिक्षिका आली. ती बसायच्या आधीच मी म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, ते सांगायचं राहिलं. हो, मलाही होतं. अजून होतं."

ती उभीच राहिली. "आता?"

"थोडं."

"मंग तुमी बसा ना आधी," असं म्हणून तिनं पर्स खाली ठेवली.

हे पत्र मी कुठेच पाठवणार नाही. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही वाचून काय म्हणाल, याचं मले भेव लागते.