आमच्या घरची चिमणी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. भाऊजींचा गुडघा त्यांना जिना चढू देतो का, आणि तू देतेस का, दोन्ही कळव. आम्ही ठीक आहोत. किती ठीक, ते हल्ली यंत्रावर मोजतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या चिमणीला (शाळेत नातीला खऱ्या नावाने हाक मारतात, पण ती ओ देत नाही) पोहताना दुसऱ्या फेरीलाच धाप लागायला लागली. लेकीने पोहणं बंद करण्याचं फर्मान काढलं. शाळेच्या संघाची निवड तोंडावर आलेली, त्यामुळे पोरगी धड जेवेना. तेवढ्यात मुलांच्या श्वासाची पाहणी करणारी मंडळी शाळेत आली आणि त्यांनी हिच्या खांद्याला साबणाच्या वडीएवढी एक पेटी अडकवली. ही दिवसभर कुठली हवा घेते ते पेटी टिपणार, आणि हिने सकाळ-संध्याकाळ एका नळीत जोरात फुंकायचं. तोवर पोहू द्यायचं, मग दोष हवेचा निघाला तर पोहणं चालू, नाहीतर बंद, असं मायलेकींचं ठरलं.

मग पाहणीवाल्या मुलीचा फोन आला. (आवाज गोड, पण फार घाई. आपल्या शाळेतल्या सिस्टरांनी 'वाक्य पूर्ण कर' म्हणून तिला बाकावर उभं केलं असतं.) तिने विचारलं, घरात चिमणी आहे का. म्हटलं, आहे ना, एकुलती एक. रोज वापरता का? शब्द जरा खटकला, तरी म्हटलं, हो, कधी दूध आणायला, कधी माझ्या सुईत दोरा ओवायला. साफ कधी करता? म्हटलं, आता मोठी झाली, स्वतःची स्वतः करते, रविवारी केस तेवढे मी धुते. ती मुलगी शेगडीवरच्या, धूर ओढणाऱ्या चिमणीबद्दल विचारत होती, हे जावयांनी मला सांगितलं, तेही हसून हसून ठसका लागल्यावर.

त्यांचं हसू फार टिकलं नाही. पेटीचा आलेख आला. रस्त्यावर रेघ जेमतेम, तलावावर सपाट, आणि संध्याकाळी माझ्या खोलीत, जिथे चिमणी अभ्यासाला बसते, तिथे थेट आभाळाला. सगळ्यांनी जावयांकडे पाहिलं. सिगारेट सोडली म्हणून शपथा घेणारा माणूस, पण लेकीने त्यांचे शर्ट हुंगले, खिसे उलटे केले. बिचारे गॅलरीत जाऊन उभे राहिले, तर तेही संशयास्पद ठरलं.

शेवटी ती मुलगी स्वतः आली. पाहुणी येणार म्हणून मी खोली आवरली, पडदे ओढले आणि तुझ्या हातच्या सुगंधी मेणबत्त्या लावल्या. तिच्या हातातली पेटी लालेलाल झाली. तिने हळूच विचारलं, "आजी, या रोज लावता?"

मी अभिमानाने म्हटलं, "पूर्वी एक लावायचे. पेटी आल्यापासून दोन लावते. हवा चांगली दिसायला हवी ना."

त्या दिवसापासून मेणबत्त्या बंद. चिमणीची संध्याकाळची फुंकर हळूहळू सकाळच्या बरोबरीला आली, आणि काल ती चौथी फेरी मारून वर आली ती खायला मागतच. पोहणं चालू आहे. जावई मात्र मान ताठ करून घरभर फिरतात आणि चहा जागेवर मागतात.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. दर महिन्याचं मेणबत्त्यांचं खोकं आता पाठवू नकोस, हेच लिहायला बसले होते. रागावू नकोस. त्या तुझ्या, हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. बाजारातल्या म्हणून सांगितल्या, त्यामुळे दुकानदाराला चार शिव्या मात्र खाव्या लागल्या.

ता. क. २. उरलेल्या टाकल्या नाहीत. कपाटात साड्यांच्या घडीत आहेत. सिस्टरांनी आपल्याला मेण ओतायला शिकवलं तेव्हा तुझ्या सरळ यायच्या, माझ्या वाकड्या. दिवेलागणीला एक लावली की तू शेजारी बसल्यासारखी वाटायचीस, एवढंच. आता ती जागा रिकामी आहे, तर तूच ये. फक्त अत्तर लावून येऊ नकोस, पेटी अजून घरातच आहे.