चढावरचा आचका

रविवार, संध्याकाळ

आज पुन्हा ठाकुर्लीच्या पुलाच्या चढावर गाडी आचके देत बंद पडली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आचका! मागून हॉर्नचा कल्ला, आणि मी लाजेने लाल.

बाबांची जुनी गाडी. इंजिन नव्याने बांधून घेताना मी ताकद जराशीच वाढवली, पण इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटर हट्टाने दुप्पट मोठा आणला. का? मित्रांना बॉनेट उघडून दाखवायला, दुसरं काय! आमचे मेकॅनिक सावंतकाका तेव्हाच म्हणालेले, "अरे, हे इंजिन एवढी हवा ओढणार नाही. जुनाच साफ करून बसव." आज गाडी त्यांच्याकडे नेली, तेव्हाही तेच म्हणाले, अगदी शांतपणे. आचक्यापेक्षा त्या शांतपणाचाच जास्त राग आला.

घरी येऊन माळ्यावरून जुना कार्बोरेटर काढला, तर त्याच्यावर हळद-कुंकू! दसऱ्याला, गाडीत बसवण्याआधी, पाटावर मी नवा ठेवलेला, झेंडू वाहून.

"तुझी पाठ वळल्यावर मी बदलला," बायको म्हणाली. "पूजा कामाच्या वस्तूची करतात. तुझा नवा अजून कुठे कामाला लागलाय?"

उद्या जुना घेऊन काकांकडे जायचंय. ते हळद-कुंकू बघून काही बोलले तर? नाही बोलणार. तेच तर झोंबतं.