नबच्या खालची सही

३ फेब्रुवारी १९५५, गुरुवार

शी! आजच्या पेपरात होगलंडचा फोटो. पाव पान! शेजारी माझा नब. खाली ओळ — ‘नबचे जनक लेस्टर होगलंड, वय एकाहत्तर.’ जनक म्हणे! या माणसाला सरळ रेघ मारता येत नव्हती. पट्टी दिली तर पट्टी हलायची.

एका शिंगाचा बोकड. १९२० साली तो मी काढला. दुसरं शिंग मोडकं, कारण प्रत्येक चित्रात दोन-दोन शिंगं काढत बसायला वेळ कुणाला होता? दर शुक्रवारी कार्टूनचं रीळ द्यायचं असायचं. होगलंड आमच्या स्टुडिओचं, म्हणजे लॉन्ड्रीवरच्या एका खोलीचं, भाडं भरायचा आणि सिगार ओढायचा. पडद्यावर नाव त्याचं. आयत्या बिळावर नागोबा!

बहीण बोझेना म्हणाली, “फाडू नकोस तो पेपर. बटाटे सोलायचेत त्यावर.” होगलंडच्या तोंडावर सालं पडली तेव्हा जरा बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, शनिवार

खाली हावेल्कांकडे टेलिव्हिजनवर नब बघितला. बघायला नको होता. नब बोलतो! कुणा बाईचा चिरका आवाज लावलाय. नब कधी बोलला नाही. मूकपटातला प्राणी तो, भुवईने बोलायचा. त्या एका भुवईसाठी मी अकरा-अकरा चित्रं काढायचो. आता तो भुवई उचलतो आणि वरून ती बाई किंचाळते, “मुलांनो, गंमत बघा!” मधेच सकाळच्या लाह्यांची जाहिरात. तीही नबच करतो.

हावेल्का हसून हसून लाल झाला. मी उठून आलो. जेवण गेलं नाही.

८ फेब्रुवारी, मंगळवार

टेलिव्हिजनवाल्यांचा फोन. प्रुइट नावाचं पोरगेलं कोणीतरी. फार गोड बोलतो.

वीस तारखेला, रविवारी, होगलंडची मुलाखत आहे. निवेदक म्हणणार, “साहेब, आमच्यासाठी नब काढा ना!” आणि साहेबांना नब काढता येत नाही. मग काय? पडद्यामागे दुसरा फळा. तिथे मी. होगलंडसारखाच कोट, बोटात त्याची अंगठी. कॅमेरा फक्त हातावर. लोकांना वाटणार, म्हाताऱ्याचा हात काय छान चालतो!

मी म्हटलं, “तुमच्याकडे पन्नास चित्रकार असतील. त्यांच्यातला एक उभा करा.”

“होगलंडसाहेबांनी तुमचंच नाव सांगितलंय. दुसरा कोणी नको म्हणाले.”

म्हणजे जखमेवर मीठ चोळायलाही मीच हवा. फोन आपटला.

९ फेब्रुवारी, बुधवार

अजून हात शिवशिवतोय. मनात होगलंडचा गळा.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

वकिलाकडे गेलो. चौकातला तो टकलू, हावेल्काचा मेहुणा. मी १९२०चा कागद दाखवला. त्याने चष्मा वर करून वाचला आणि म्हणाला, “क्रॅटोख्विल, तुम्ही इथे लिहून दिलंय की स्टुडिओत काढलेलं सगळं स्टुडिओचं. नब त्यांचाच.”

“काढला मी.”

“विहीर कोणी का खणेना, पाणी जमीनमालकाचं.”

मग दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, “मालकी गेली ती गेली. पण नब तुम्ही काढलात हे जगाला सांगायला या कागदाने बंदी घातलेली नाही. ऐकणारं कोणी मिळालं तर सांगा.”

पस्तीस वर्षं कोण ऐकतंय! बोझेनाचा नवरा गेला तोसुद्धा मला थापाड्या समजून. नातेवाइकांत कुणी नबचं नाव काढलं की लोक एकमेकांकडे बघून डोळा मारतात. मला पैसा नको. तो बोकड माझा, एवढं एकदा चारचौघांत म्हटलं जावं. बस.

१२ फेब्रुवारी, शनिवार

बोझेना माझी थोरली बहीण. तिचं डोकं माझ्यापेक्षा चालतं हे लहानपणापासून ऐकत आलोय, आज पटलं. खसखशीची पोळी लाटता लाटता विचारलं तिने,

“तो कार्यक्रम आधी छापून ठेवतात की थेट दिसतो?”

“थेट.”

“चित्र काढून झालं की खाली सही?”

“हो. प्रुइट म्हणाला, होगलंडचा हट्ट आहे, सही झाल्याशिवाय कॅमेरा हलवायचा नाही.”

“मग गाढवा, जा की! काढ तुझा बोकड आणि खाली लिही स्वतःचं नाव. सगळा देश बघत असणार. पुसायला कोण येतंय?”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हाताला पीठ, नाकाला पीठ, आणि चेहरा कसा सरदारासारखा! लगेच प्रुइटला फोन केला. येतो म्हटलं.

१६ फेब्रुवारी, बुधवार

तालीम. होगलंड भेटला. थुलथुलीत झालाय, मान कॉलरमधून सांडते. तोच सिगार, तोच वास.

“कसा आहेस, क्रॅट?” पूर्वीही एवढंच म्हणायचा. पूर्ण नाव उच्चारायचे कष्ट त्याला कधी पडले नाहीत.

“तुमच्या कृपेने,” मी म्हटलं.

तो काहीतरी बोलणार होता. प्रुइट मधे आला. होगलंडने अंगठी काढायला घेतली, निघेना. थुंकी लावून काढली आणि तशीच माझ्या हातावर ठेवली. ओली, कोमट! घरी येऊन तीनदा हात धुतले.

१९ फेब्रुवारी, शनिवार

खाटकाकडच्या पुड्याच्या कागदावर नब काढून पाहिला. चाळीस सेकंद. खाली ‘एमिल क्रॅटोख्विल’. पुन्हा काढला, पुन्हा सही. नाव वाकडं येतंय.

बोझेना म्हणाली, “स्वतःच्या नावाचा सराव करतोस? कमाल आहे!”

कमाल कसली? कधी लिहिलंय चित्राखाली? नऊ वर्षं मुलांची पत्रं येत होती. प्रत्येकाला एक नब, खाली होगलंडची सही. “तूच कर रे, मला वेळ नाही,” म्हणायचा. दिवसाला पन्नास-पन्नास सह्या मी केल्या. बँकेतल्या कारकुनालाही फरक कळला नसता.

उद्या बघतो लेकाच्याला.

२० फेब्रुवारी, रविवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहिलं नाही तर उद्या स्वतःशीच खोटं बोलेन.

कोट घातला. अंगठी घातली. दिवे लागले तसा अंगाला घाम फुटला. पलीकडे होगलंड बोलत होता — लॉन्ड्रीची खोली, शुक्रवारचं रीळ, मोडकं शिंग. माझ्या सगळ्या गोष्टी त्याच्या तोंडातून! मग निवेदकाने ते वाक्य म्हटलं आणि माझ्या फळ्यासमोरच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला.

नब आला. काय आला! डोळा, भुवई, मोडकं शिंग, तो आगाऊ गुडघा. तेवढे चाळीस सेकंद मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. कुणाचा रागसुद्धा आठवत नव्हता.

तीच चूक झाली. नब झाला आणि हात न थांबता खाली गेला, नेहमीसारखा. वळणदार ‘ले’, तो लांब शेपटा, खाली फराटा. शेवटचं अक्षर काढताना मला कळलं मी काय लिहितोय. लाल दिवा विझला. टाळ्या.

लेस्टर होगलंड. ठसठशीत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पस्तीस वर्षं त्याला चोर म्हणत आलो आणि आज सगळ्या देशासमोर चोरी माझ्याच हाताने करून दिली. होगलंडची किळस यायची ना? आज ती जागा माझ्या हाताने घेतली. या हाताने जेवायचीही शिसारी येते.

बोझेना हावेल्कांकडे बसून बघत होती. मी घरी आलो. तिने सूप वाढलं, आणि स्वतः न जेवता आत निघून गेली.

२१ फेब्रुवारी, सोमवार

अंगठी पोस्टाने परत पाठवली. बोझेना अजून बोलत नाही.

२३ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी होगलंडचा फोन. स्वतःच. “एमिल क्रॅटोख्विल आहेत का?” — पूर्ण नाव, बरोबर उच्चारून. तो म्हणाला, “टेलिव्हिजनवाल्यांना रीळं विकताना मी लिहून दिलंय, जन्मभर मीच जनक. माझं तोंड बांधलेलं आहे. तुला मुद्दाम बोलावून घेतलं. सही होईपर्यंत कॅमेरा हलवू नका म्हणून हात जोडले त्यांच्यापुढे. तुझं नाव येईल म्हणून वाट बघत बसलो होतो मी.” मग म्हणाला, “माझं का लिहिलंस रे?”