कंपाउंडर काय बोलला ते सांगा

सोनूचे बाबा,

मी सोनूले घेऊन दहाच्या एसटीनं राळेगावले जाऊन राह्यली. माही आई काल न्हाणीत घसरली, पाय मोडला. पंधरा दिवस तरी लागतीन. भाकरी दुरडीत हायेत, वरण गरम करून घ्या.

आपल्या हसायच्या सिरियलचा हा नववा सीझन. त्यातला कंपाउंडर आज मास्तरीणबाईले मनातलं सांगणार हाय. आईकडं टीव्ही नाही. तुम्ही पाहा अन् मले फोनवर सांगा, तो काय बोलला, ती लाजली का.

तुम्ही नुसतं "जेवली का" इचारता अन् फोन ठेवता. लग्नाले अकरा वर्षं झाली, तसं मनातलं काही तुमच्या तोंडून आयकलंच नाही. त्याचं बोलणं म्हणून सांगा, पण हळू सांगा. मी आयकून घेईन.

विजयमाला