प्रशिकच्या बोटीचं सुकाणू

प्रिय दीपमाला,

जय भीम. फोनवर आपण तब्येत, औषधं आणि हवापाणी यांच्यापलीकडे जात नाही. तू भंडाऱ्याहून विचारतेस, "बाबा, बीपीची गोळी घेतली का?" मी "घेतली" म्हणतो, फोन आईच्या हातात देतो आणि तुमचं दोघींचं बोलणंही भाजी काय केली यावरून पुढे सरकत नाही. म्हणून आज अंगणातल्या टिनाच्या शेडखाली खुर्ची टाकून लिहायला बसलो आहे. शेड आता रिकामी आहे. प्रशिकची बोट पूर्ण झाली, आणि गेल्या रविवारी ती रामटेकजवळच्या खिंडसी तलावात उतरली.

तुला आधी सांगितलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. सांगितलं असतं तर तू रजा टाकून आली असतीस, आणि काम माझ्या हातून बिघडलं असतं तर तुला पुन्हा एकदा या अंगणातून रडत परत जावं लागलं असतं. तेवढं मला सोसवलं नसतं.

मी उभा जन्म खापरखेड्याच्या वीजकेंद्रात पान्या-पेचकसात घालवला, पण प्रशिकला लहानपणी हत्यारांची कधी गोडी नव्हती. कॉलेजात तो नेव्हल एनसीसीत गेला, अंबाझरीवर शिडाची होडी चालवायला शिकला आणि त्याला वेडच लागलं. नोकरी लागल्यावर म्हणाला, घरीच लाकडी बोट बांधतो. त्याची आई कौसल्या म्हणाली, "काहून गा, नागपूरले समुद्र आहे काय?" तो नुसता हसला आणि दुसऱ्या दिवशी प्लायवूड घेऊन आला. तू या घरात आलीस तेव्हा बोटीचा सांगाडा उभा होता. नव्या नवरीच्या हातात त्याने पॉलिशपेपर दिला म्हणून तुझी आत्या नाराज झाली होती. तू मात्र ओढणी कमरेला खोचून घासायला बसलीस. तुम्ही दोघं भुशाने पांढरे होऊन आत यायचात आणि कौसल्या तुम्हाला दारातच अडवून झटकायची. ते मला अजून दिसतं. तुला आणखी किती दिसत असेल, ते मी विचारत नाही.

सुकाणू तेवढं बसलं की झालं, असं तो म्हणत होता. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला डेंग्यू झाला. ताप उतरला तसं आपण सगळे निर्धास्त झालो, आणि मग दोन दिवसांत सगळं संपलं. त्याला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकाशी कुरिअरवाला उभा राहिला. सुकाणू बोटीला जोडायचं सामान त्याने कोचीहून मागवलं होतं, ते आलं होतं. कुरिअरवाला ओटीपी मागत होता, आणि ओटीपी प्रशिकच्या फोनवर आला होता. तू आतून त्याचा फोन आणलास आणि आकडे वाचून दाखवलेस. तुझा आवाज जरासुद्धा हलला नाही. घरात जमलेली बाकीची माणसं रडत होती, पण मला भीती वाटली ती तुझ्या त्या आवाजाची.

ते खोकं तू कपाटावर ठेवलंस आणि मग कुणीच त्याला हात लावला नाही. तू आमच्याजवळ राहिलीस, दवाखान्यात कामाला जायचीस, यायचीस, आईच्या पायाला तेल लावायचीस. भंडाऱ्याला माहेराजवळ लॅबमध्ये नोकरी मिळाली तेव्हा जावं की नाही यावर तू महिनाभर जेवली नव्हतीस धड. मीच तुला जा म्हणालो. तू गेलीस, आणि बोट ताडपत्रीखाली पडून राहिली.

यंदा दिवाळीनंतर जबलपूर रोडवरच्या एका धाब्याचा मालक घरी आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की इथे एक बोट पडून आहे. त्याला ती धाब्याच्या दाराशी ठेवून तिच्यात झेंडूची रोपं लावायची होती. माणूस वाईट नव्हता, अदबीने बोलत होता. खरं सांगतो, मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. ती ताडपत्री रोज सकाळी पाहून मी थकलो होतो. कौसल्या चहा घेऊन आली, तिने ऐकलं आणि कप खाली न ठेवता त्याला म्हणाली, "भाऊ, थे कुंडी नाही. माह्या पोरानं थे पाण्यासाठी बनवली." तो गेल्यावर माझ्याकडे वळली. "तुमी फिटर होते ना? मंग काहून पाहून राहिले नुसते?" बोटीचं काम सुरू झालं तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुरली होती तीच. मी कपाटावरून खोकं काढलं.

आत चकचकीत स्टीलचं सामान होतं. दोन कड्या आणि दोन खुंट्या. फाटकाच्या कब्ज्यासारखंच समज. कड्या बोटीच्या मागच्या फळीवर बसवायच्या, खुंट्या सुकाणूवर, आणि सुकाणू वरून खाली सरकवलं की खुंट्या कड्यांत उतरतात, सुकाणू दोन्हीकडे वळू लागतं. मला वाटलं, जन्मभर पाइप आणि व्हॉल्व्ह जोडले, यात काय आहे. फळीची रुंदी मोजली, मध्य काढला, भोकं पाडली, बोल्ट कसले. सुकाणू चढवलं तर ते एका बाजूला झुकून उभं राहिलं आणि अर्ध्यात अडकलं. जोर केला तर कडीजवळचं लाकूड करकरलं. पोराने इतक्या निगुतीने घासलेल्या फळीत माझ्या हाताने चुकीची भोकं पडली होती. मी ड्रिल खाली ठेवलं आणि तिथेच बसून राहिलो. दीपमाला, तो गेला त्या दिवशी लोकांपुढे मला रडू आलं नव्हतं. त्या दुपारी आलं.

कौसल्या बाहेर आली. पदर खोचला, स्टूल लावला आणि गुडघे दुखत असताना बोटीत चढली. मी म्हणालो, पडशील. ती म्हणाली, आतून बोल्ट धराले कोणी पाहिजे का नाही. ती आत वाकून मागच्या फळीशी पोचली, मोबाइलचा टॉर्च लावला आणि फळी न्याहाळू लागली. मग म्हणाली, "अजी, हे रेघ त्याचीच असन ना?" मी डोकं आत घालून पाहिलं. फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलची एक सरळ रेघ होती, वरून खालपर्यंत. त्याने मध्य काढून ठेवला होता. घासताना फळीची एक बाजू थोडी जास्त गेली होती, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने बोटीच्या तळाच्या मधोमध ओळंबा धरून रेघ मारली होती. मी बाहेरून मोजलं आणि फसलो. कौसल्या त्या रेघेवरून हाताचं बोट फिरवत होती, पण टेकवत नव्हती. पुसली जाईल म्हणून.

मग आम्ही दोघांनी ते काम केलं. माझी भोकं इपॉक्सी गोंदात बारीक भुसा कालवून बुजवली, सुकू दिली, घासली. आपल्या कॉलेजातला सोबती म्हणून प्रशिक ज्याला नेहमी घरी आणायचा, त्या विक्रमला फोन केला. तो कामठीहून आला. त्याने सांगितलं की काका, आधी ती रेघ फळीच्या बाहेरच्या अंगाला उतरवा, मग एक सरळ सळई दोन्ही कड्यांतून घाला, सळई रेघेवर आली की मगच भोकं पाडा, म्हणजे कड्या एका ओळीत राहतील. तसंच केलं. भोकांच्या कडांनाही इपॉक्सी पाजलं, पाणी प्लायवूडमध्ये मुरू नये म्हणून. आतून कौसल्येने पाना धरला, बाहेरून मी कसलं. तिने दर वेळी विचारलं, "झालं काय?" आणि मी दर वेळी म्हणालो, "अजून जराशीक." सुकाणू उतरवलं तेव्हा ते काही आवाज न करता खाली बसलं. मी दांडा हलवला. डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. कौसल्या बोटीतच बसून राहिली. मी तिला उतर म्हणालो नाही. मीही बाहेरून फळीला टेकून उभा राहिलो. ज्याच्यासाठी हे बसवलं तो नाही, हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली असं वाटलं.

रविवारी विक्रमने छोटा हत्ती टेम्पो ठरवला. मनसरच्या फाट्यावर चहाला थांबलो तर लोक बोटीभोवती गोळा झाले. एकाने विचारलं, इलेक्शनचं चिन्ह आहे का. विक्रम हसला, कौसल्याही हसली. खिंडसीवर वारा बेताचा होता. कौसल्या काठावर बसली, विक्रमने शीड उभारलं आणि सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. दांडा एकीकडे लोटला की बोट दुसरीकडे वळते, ते मला उमगेपर्यंत आम्ही काठच्या गवतात जाऊन आलो. मग जमलं. शीड फुगलं आणि बोट चालू लागली. इंजिन नाही, आवाज नाही, फक्त खालून पाणी जाताना ऐकू येतं. पोराला याचं वेड का लागलं ते मला तेव्हा कळलं. त्याच्याबरोबर एकदा अंबाझरीवर गेलो असतो तर, असं मनात आलं. तो किती वेळा बोलवायचा.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. तलावाच्या मध्यावर गेल्यावर विक्रम माझ्याकडे न पाहता बोलला. त्याने तुला लग्नाचं विचारलं, आणि तू म्हणालीस की नागपूरच्या आईबाबांना मी हे कधीच विचारू शकणार नाही, आणि त्यांना न विचारता करणार नाही, तेव्हा हा विषय इथेच सोड. तो म्हणाला, "काका, मी तुमच्याजवळ काही मागाले नाही आलो. फक्त तुमच्यापासून लपवून तुमच्या घरी जेवणं मले जमत नव्हतं." मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. प्रशिक गेला, आणि आता तूही त्याची राहणार नाहीस, एवढंच मनात आलं. घरी येऊन कौसल्येला सांगितलं. ती त्या संध्याकाळी जेवली नाही. सकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पोरगी बत्तीस वर्षाची आहे. आपलं दुःख राखाले तिले बसवून ठेवाचं काय? आन् थो पोरगा सांगून गेला, चोरून नाही गेला." मग पुष्कळ रडली. तेव्हा दीपमाला, तू विचारलं नाहीस तरी आमचं उत्तर हो आहे. भंडाऱ्याच्या तुझ्या आईबाबांशी मी बोलेन. त्यांची हरकत नसेल तर लग्न नागपूरला, आपल्या विहारात लावू, आणि मुलीकडच्या माणसांत त्यांच्या शेजारी आम्ही दोघं बसू. कौसल्येला फक्त एक विचारायचं आहे, लग्न झाल्यावर तू तिला आई म्हणशील की काकू. मी म्हणालो, फोन करून तूच विचार. ती म्हणाली, "मले नाही विचारता येत. तुमी लिहा." म्हणून लिहिलं.

तुझाच,
बाबा