हरमलच्या मिरचीचं बी

५ ऑक्टो., रवि.
दादाचा हरमलहून फोन. गुडघे गेले, यंदा मिरची लावणार नाही म्हणतो. म्हणजे माहेरची मिरची संपलीच म्हणायची. बियाण्याचा एकच झुबका उरलाय, माझ्या चुलीवर टांगलेला. आता परसात मलाच लावायला हवी. पाऊस ओसरला की वाफा करते.

७ ऑक्टो.
सुनेशी वाद, रोजचाच. सायली वास्कोची, तिच्या घरी सगळं ब्याडगीत. रंग लालभडक, तिखटाच्या नावाने शंख! वर ते पाकिटातले चिली फ्लेक्स, अंड्यावरसुद्धा भुरभुरते. म्हटलं, "गो बाय, मिरची कुटायची असते, पाकीट फाडायचं नसतं." हसली. पोर गुणी आहे. तोंडावर सांगणार नाही.

९ ऑक्टो.
पेडण्याच्या बाजारातून आले तर ताट वाढलेलं. सुक्या सुंगटांची किसमूर. कुरकुरीत सुकी कोलंबी, कांदा, खोबरं, वर जाडसर कुटलेली मिरची. पहिल्याच घासाला आये आठवली. अगदी तिच्या हातची चव. विचारलं, मिरची कुठली गो?
"ती वर टांगलेली, आई. तव्यावर जरा गरम केली नि कुटली. तुम्हीच म्हणालात ना..."
सगळा झुबका!
"अगो, बियाण्याची ती! शिरा पडली तुझ्या..." पुढचं गिळलं. ताटावरून उठले. देठासकट टांगलेली मिरची बियाण्याची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वास्कोत कुठून ठाऊक असणार, हे मागाहून सुचलं.

१० ऑक्टो.
अबोला. नितेश बायकोची बाजू घ्यायला आला, त्यालाही झापलं. मग बघते तर सायली पडवीत. सुपात उरलेला चुरा, त्यातलं एकेक बी वेचतेय. रडतेय, आणि त्याच हाताने डोळे पुसतेय!
"अगो वेडे, डोळ्याला हात नको लावू!"
अबोला तिथेच मोडला. तिचे डोळे धुतले, बोटांना खोबरेल लावलं. चष्मा लावून मीही वेचायला बसले. न फुटलेलं बी मूठभर निघालं. पण तव्याची धग लागलेली. काय होणार, देव जाणे.

१३ ऑक्टो.
बी राखेत घोळवून वाफ्यात टाकलं. तिच्याच हातून. मग सांगितलं एकदाचं, किसमूर फार छान झाली होती. पुन्हा रडली. जीव लावते पोर.

२६ ऑक्टो.
दिवाळी गेली, वाफा रिकामा. दादा फोनवर हसला, भाजलेलं बी कधी उगवतं? सायली तोंड धुवायच्या आधी पाणी घालून येते. मला तिच्याकडे बघवत नाही.

३० ऑक्टो.
"आई, लवकर या!" धावले, पायात चप्पल नाही. एकच कोंब, दोन पानं. दोघी उकिडव्या बसून बघत राहिलो. मिरची की रानटी रोप, एवढ्यात कोणाच्या बापाला कळणार नाही.
"मिरचीच ना, आई?"
"मग काय! माझ्या आयेची मिरची."
कोंबड्या येतात म्हणून भोवती काटक्या रोवल्या. दादाला मात्र अजून कळवलेलं नाही.