न सोडलेल्या पुड्या

९ ऑगस्ट १९९९, कुंभकोणम्

लग्न होऊन निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "नव्या घरी पहिले काही दिवस कुणी काही मागितलं तर 'होईल' म्हणावं. 'नाही' म्हणायला पुढं जन्म पडलाय." ते घर काही टिकलं नाही. पण आज सकाळी ट्रंक घेऊन बसमधून उतरताना तिचं वाक्य आठवलं आणि हसू आलं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा नव्या घरी आले आहे.

जागा छान आहे. कंपनीचे मालक हयग्रीवराव, त्यांच्या आत्याबाई गंगाबाई यांच्या घरी माडीवरची खोली. खाली उतरलं की चार पावलांवर महामहम् तळं. गंगाबाई तंजावरी मराठी बोलतात. शब्द आपलेच, पण पणजीच्या पेटीतून काढल्यासारखे. मला पाहून म्हणाल्या, "पुण्याहून इतकं दूर एकलीच आलीस? कसाला गे?" आणि उत्तराची वाट न बघता पितळी डबऱ्यात, इथल्या पसरट वाटीत, कॉफी दिली.

कशाला, ते इथं लिहिते. 'व्यंकोबा आणि कंपनी'चे दारासुरम्‌ला रेशमाचे माग आहेत, पितळेच्या भांड्यांचा कारखाना आहे, लॉऱ्या आहेत, मदुराईपासून चेन्नईपर्यंत शाखा आहेत. संगणक आहेत, पण ते पत्रं टाइप करण्यापुरते. मी सगळ्या शाखा एका जाळ्यात जोडायच्या. माणसानं पडद्यावरच्या पानात रजा मागायची, बदली मागायची, आणि उत्तर त्याच पानावर यायचं. पुण्यात एका कारखान्यासाठी मी हे केलं आहे. काम नोव्हेंबरअखेर संपेल. ते संपायलाच हवं, कारण ६ डिसेंबरला पुण्यात पंकजाच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. सतरा वर्षांची आहे. धीट आहे. पण निघताना म्हणाली, तू हात धरल्याशिवाय मी त्यांना भूल देऊ देणार नाही, टेबलावरून उठून पळेन. मी म्हटलं, तुझ्याआधी मी तिथं बसलेली असेन.

२१ ऑगस्ट, शनिवार

आज इथली खरी अडचण समजली. पानं तयार झाली आहेत, मागण्या येऊ लागल्या आहेत, पण उत्तरं जातच नाहीत. आस्थापना विभागातल्या त्रिपुरसुंदरीनं मला हाताला धरून मागच्या देवघरात नेलं आणि दाखवलं.

या घराण्याची रीत अशी. महत्त्वाचं काही ठरवायचं तर शनिवारी व्यंकटेशापुढं दोन पुड्या ठेवायच्या, केळीच्या पानाच्या, केळीच्याच दोऱ्यानं बांधलेल्या. एकीत पांढरी तगर, दुसरीत लाल कण्हेर. कुणीतरी एक उचलायची. पांढरं निघालं तर जा, लाल निघालं तर थांब. आपल्याकडं कौल लावतात तसंच. आणि एकदा विचारलं की उत्तर मोडायचं नाही. हयग्रीवराव एका लॉरीपासून इथवर आले ते असं विचारत विचारत. आता हजारावर माणसं, आणि प्रत्येकाची बदली शनिवारच्या फुलांसाठी थांबलेली. त्रिपुरसुंदरी म्हणते, अक्का, आमच्याकडे देवसुद्धा ओव्हरटाइम करतो.

दुपारी हयग्रीवरावांनी बोलावलं. इतका मोठा माणूस, पण मुलीकडच्या बापासारखा संकोचून बसला होता. "बाई, मज एक मागायचं होतं." त्या पुड्या पडद्यावरच्या पानातच ठेवता येतील का? ज्याची मागणी त्यानंच उचलावी, म्हणजे ताटकळणं नको.

मी म्हटलं, होईल.

६ सप्टेंबर

झालं! मन लावून केलं. दोन हिरव्या पुड्या, बोट दाबलं की दोरा सुटतो, पान उलगडतं, आत फूल. फूल कोणतं ते यंत्र नाणं उडवल्यासारखं ठरवतं. त्रिपुरसुंदरीनं उलगडताना पानावर देठाची शीरसुद्धा दिसली पाहिजे असा हट्ट धरला, तीही काढली. हयग्रीवरावांनी पडद्याला कुंकू लावलं. ते पुसायला कुणी धजत नाही.

सगळ्या शाखांत एकच गंमत चालली आहे. मदुराईच्या मॅनेजरनं चहा मागवावा का, हेसुद्धा विचारलं. लाल आलं. म्हणे, खरंच चहा आला नाही, दूध नासलं.

पंकजाला बूथवरून फोन केला. ती म्हणाली, आई, तू देवाला प्रोग्रामिंग शिकवलंस.

२३ सप्टेंबर

सेतू म्हणून माल पाठवणी विभागात आहे, बडबड्या, सदा विडा तोंडात. त्याला मेव्हण्याच्या गृहप्रवेशाला तिरुवलंचुळीला जायचं होतं. लाल आलं. तो म्हणाला, दोन मैलांवर तर आहे, संध्याकाळी जाऊन येईन, कोणाला कळतंय. आज सकाळी तो त्याच्या टेबलाशी बसलेला होता, नवी वेष्टी नेसून, भेटीचं भांडं मांडीवर. त्याच्या म्हणण्याप्रमाणं तो बसमध्ये बसला, तिकीट काढलं, उतरला, तर कंपनीच्या फाटकाशी. पुन्हा गेला. पुन्हा फाटकाशी. सगळे हसले, त्याला मेव्हण्याची भीती वाटते म्हणाले. तोही हसला.

पण विडा त्याच्या गालात तसाच होता, न चावलेला.

११ ऑक्टोबर

आता कामाचं कमी आणि घरचं जास्त विचारतात. स्थळ बघू का. कान टोचू का. हे पान खासगी गोष्टींसाठी नाही अशी मी सूचना लावली, कुणी वाचत नाही. आणि लाल वाढलं आहे. नाणं उडवलं तर निम्म्यानं पांढरं यायला हवं. येत नाही.

कोइंबतूरच्या एका मुलीला आईकडं बाळंतपणाला जायचं होतं. लाल आलं. तिचे लोक तिला गाडीत घालून निघाले. ती बाळंत झाली शाखेतल्या टेबलाखाली. बाळ बरं आहे. ती गाडीतून तिथं कशी आली ते तिच्या नवऱ्याला सांगता येत नाही. तो नुसता रडतो म्हणे.

२० ऑक्टोबर

मी ते पान काढून टाकलं. कुणाला न विचारता, दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर. नीट काढलं, राखून ठेवलेली प्रतसुद्धा पुसली.

जेवण करून आले तर सगळ्या पडद्यांवर दोन पुड्या. सर्व्हर बंद केला. तरी पुड्या. सर्व्हरच्या खोलीत पंखासुद्धा फिरत नव्हता, आणि बाहेर लोक रांगेनं विचारत होते.

देठाची शीर आता पडद्यावर ओली दिसते.

२ नोव्हेंबर

त्रिपुरसुंदरीच्या आईला पहाटे झटका आला. तंजावरच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं, पण ती आधी ऑफिसात धावत आली. तिनं विचारू नये म्हणून मी ओरडले, हात धरला. पण दोन महिन्यांत या लोकांची अशी सवय झाली आहे की न विचारता त्यांचं पाऊलच उचलत नाही. ती म्हणाली, अक्का, पांढरं आलं तर वाटेत काही होणार नाही, एवढंच बघते.

लाल.

तिनं आईला टॅक्सीत घातलं. मी सोबत होते. मी स्वतः सोबत होते, म्हणून लिहिते. टॅक्सी दारासुरम्‌च्या पुढं गेली, मी शेतं पाहिली, म्हातारीचे पाय माझ्या मांडीवर होते. मग मी माझ्या खुर्चीत होते. समोर त्रिपुरसुंदरी तिच्या खुर्चीत. आई दोघींच्या मधे, फरशीवर.

संध्याकाळपर्यंत होत्या. मग नाही.

९ नोव्हेंबर

गंगाबाईंना सगळं सांगितलं. इतके दिवस का सांगितलं नाही, माझं मलाच कळत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "पुड्या सोडल्या कोठे तुम्ही?"

मला कळेना. त्या म्हणाल्या, उत्तर मिळालं की दोन्ही पुड्या त्याच दिवशी कावेरीत सोडायच्या असतात. आपण त्याला बोलावलं, आसनावर बसवलं, विचारलं. मग त्याला उठवायला नको? "बसवून ठेवलांत त्यास. इतके दिस. भुकेला. आता तो देवही राहिला की नाही, कोणास ठाव."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हयग्रीवरावांना वाटलं मला ठाऊक असेल, मराठी घरातलीच तर आहे.

पडद्यावरच्या पानाची छपाई करून आम्ही दोघी नदीवर गेलो. पूर होता. कागद सोडला. तो बुडाला नाही, वाहिलाही नाही. पायरीशी तसाच थांबून राहिला, आणि त्यावरची एक पुडी उघडली. लाल.

१५ नोव्हेंबर

हयग्रीवरावांकडं गेले. म्हटलं, सगळे संगणक फोडा.  ते म्हणाले, मी विचारलं आहे, हे बंद करू का म्हणून. लाल आलं. विचारल्यावर मोडता येत नाही बाई.

मी भांडले. म्हटलं, मग मला तरी जाऊ द्या, माझ्या लेकीचं ऑपरेशन आहे, मी काही विचारलेलं नाही, मी न विचारता निघते.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या मायेनं कुणी पाहिलं नव्हतं बरेच दिवस. म्हणाले, मला तुमची काळजी होती. प्रवास लांबचा. म्हणून काल तुमच्या वतीनं मीच विचारलं.

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

२२ नोव्हेंबर

चेन्नईची गाडी. खुर्ची.
तंजावरची बस. खुर्ची.
सेतूच्या सायकलवर मागं बसून, डोळे मिटून, त्याचा सदरा घट्ट धरून. डोळे उघडले तर हातात सदऱ्याचं बटण, आणि पडदा.

पंकजाचा फोन आला होता. तिकीट काढलंस ना, विचारत होती. मी हो म्हटलं.

२७ नोव्हेंबर

आता घरीही जाता येत नाही. गंगाबाई डबा आणून देतात.  माझे केस विंचरतात.

सगळे इथंच आहेत. कुणी घरी जात नाही. टेबलाशी बसतात, विचारतात, लाल येतं, पुन्हा विचारतात. त्रिपुरसुंदरी आई परत मागते. रोज.

अलीकडे कुणालाच पांढरं आलेलं नाही. एकालाही नाही —

१ डिसेंबर

फोन. ती रडत होती. डॉक्टर म्हणाले आता पुढं ढकलता येणार नाही. आई, तू कुठं आहेस, खरं सांग.

मी म्हटलं, निघालेच.

हात आपोआप पडद्याकडं गेला. लिहू लागले, माझ्या मुलीचं ऑपरेशन नीट —

पुसलं. पुसलं. बोट दाबलं नाही. देवा, दाबलं नाही ना? नाही. पुड्या मिटलेल्या आहेत. लाल आलं असतं तर — तिच्यासाठी काहीही मागायचं नाही. तिचं नावसुद्धा त्यात लिहायचं नाही. मनातसुद्धा —

हात मांडीखाली घेऊन बसले आहे.

३ डिसेंबर

पडद्यावर माझं नाव आधीच भरलेलं असतं. खालची जागा रिकामी. वाट बघतंय.

हयग्रीवराव समोरच्या खुर्चीत. पडद्याला हात जोडून. त्यांना मी दिसत नाही बहुतेक —

रात्र झाली का दिवस. त्रिपुरसुंदरीचा आवाज बसला आहे, ओठ हलतात फक्त.

४ डिसेंबर

एक सुचलं आहे. भीती वाटते म्हणून आधी इथं लिहिते.

ते सगळ्यांना नाही म्हणतं. जे मागाल त्याला नाही. आणि ते नाही खरं होतं. मग मी उलटं मागितलं तर? जे मला नको तेच मागितलं तर? नाही म्हणेल. म्हणायलाच हवं. आणि मग ते मला इथं ठेवू शकणार नाही. आज निघाले तर परवा सकाळी पुणे. तिच्याआधी नाही, पण वेळेवर —

चूक असेल, नेमकं याच मागणीला पांढरं आलं तर? पण दुसरं काय आहे माझ्याकडं.

लिहिलं. एका हातानं तिथं, एका हातानं इथं. तिथं जे लिहिलं तेच इथं :

मला इथून कधीच जायचं नाही. मला कायमचं इथंच राहू द्यावं, ही विनंती.

डावी पुडी. दाबलं.

लाल येईल. इतके दिवस सगळ्यांना लालच आलं आहे. लालच येईल. दोरा सुटतो आहे, सावकाश, मी काढला होता त्याहून सावकाश — पान उलगडतंय — पाकळी दिसते, नुसती कड, अजून रंग